पाटलाची काठी आणि ठाण्याची डायरी

वाद सुरू झाला तो शेरीफवरून. दिवाळी होऊन आठवडा उलटला होता. सडक अर्जुनीच्या आसपासच्या गावांत मंडईच्या जत्रांचे दिवस होते. एका घरी पाहुणे जमले होते आणि ओसरीत नातू मोबाइलवर अमेरिकेतला सिनेमा बघत होता. पडद्यावर छातीला तारा लावलेला एक माणूस घोड्यावरून गावात आला. नातवाने विचारलं, "हा कोण?" त्याच्या आईने, म्हणजे गोंदियाच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या भाचीने सांगितलं, "शेरीफ. तिकडे बहुतेक राज्यांत शेरीफला लोक मतं देऊन निवडतात."

तिचे मामाजी खाटेवर बसून सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबला. त्यांनी उभा जन्म पोलीस पाटीलकी केली आणि साठी झाल्यावर सोडली. "बघ बाई," ते म्हणाले, "आम्ही हेच सांगत आलो. पोलीस गावातलाच पाहिजे. गावाने निवडलेला, गावाला ओळखणारा. अमेरिकेला कळलं ते आपल्याकडे कोणाला कळलं नाही."

"मामाजी, अमेरिकेला त्याचीच मोठी किंमत मोजावी लागली," भाची म्हणाली. संध्याकाळपासून जेवणं होईपर्यंत हाच वाद चालला. कायदा राखणारा माणूस कोणाचा असावा, गावाचा की सरकारचा?

मामाजींची बाजू अनुभवाची होती. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम आला १९६७ साली. त्याआधी राज्यात वंशपरंपरेने चालत आलेली पाटीलकी कायद्याने संपली होती. नव्या पोलीस पाटलाला उपविभागीय अधिकारी नेमतो. तो दहावी झालेला आणि त्याच गावचा रहिवासी असावा लागतो, वय पंचवीस ते पंचेचाळीस. त्याला वर्दी नाही, बंदूक नाही. गावात गुन्हा घडला की ठाण्याला कळवायचं, बेवारस मुडदा सापडला की तिथे राखणीला थांबायचं, पंचनाम्याला हजर राहायचं, सणावारी शांतता राखायची. मानधन बरीच वर्षं तुटपुंजं होतं. २०२४ मध्ये ते महिना साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झालं, पण मामाजींना त्याचा लाभ मिळाला नाही.

"आमच्या आजोबांच्या काळी हा मुलूख मालगुजारांचा," मामाजी सांगू लागले. "मालगुजाराचा मुकादम गावचा कारभार बघे. कोतवाल रात्री गस्त घाली आणि जन्ममृत्यूची नोंद ठाण्यात नेऊन देई. ठाणं दूर, मध्ये जंगल. कोणाचा बैल चोरीला गेला तर खुरांचा माग काढणारा माणूस गावातच असायचा. साहेब येईपर्यंत चोर सापडलेला असायचा. आणि हे मी एकटा म्हणत नाही. इंग्रजांचा तो आयोग होता ना, फ्रेझरचा?"

भाचीने मान डोलावली. तो संदर्भ खरा होता. अँड्र्यू फ्रेझर हा मध्य प्रांतातलाच सनदी अधिकारी होता. त्याची बहुतेक नोकरी इकडे झाली आणि तो प्रांताचा मुख्य आयुक्तही होता. भंडारा हा तेव्हा याच प्रांतातला जिल्हा, आणि आजचा गोंदिया त्याचाच भाग. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. लॉर्ड कर्झनने १९०२ मध्ये अखिल भारतीय पोलीस आयोग नेमला आणि फ्रेझरला अध्यक्ष केलं. आयोगाने लोकांकडून ऐकलेलं लपवलं नाही. पोलीस दल अकार्यक्षम आहे, लोक त्याला लाचखाऊ आणि जुलमी समजतात, असा त्याचा निष्कर्ष होता. गावचा राखणदार गावप्रमुखाच्या हाताखालीच राहू द्यावा, त्याला सरकारी पोलिसांत ओढू नये, अशीही शिफारस होती.

"म्हणजे इंग्रजांनीच कबूल केलं," मामाजी म्हणाले. "१८५७ चं बंड झालं, ते घाबरले आणि १८६१ चा पोलीस कायदा घेऊन आले. तो कायदा लोकांच्या रक्षणासाठी नव्हता, लोकांना दाबण्यासाठी होता. त्याचा नमुना आयर्लंडचा."

इथेही ते बरोबर होते. १८२९ मध्ये रॉबर्ट पीलने लंडनला वर्दीतले, पण बिनबंदुकीचे पोलीस उभे केले. आयर्लंडवर मात्र राज्य टिकवायचं होतं, म्हणून तिथलं दल सशस्त्र आणि बराकीत राहणारं होतं. चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर तिथे त्याच धर्तीची व्यवस्था केली आणि पुढे १८६१ च्या कायद्यावर तिची छाप पडली. लंडनचा पोलीस लंडनच्या माणसासाठी आणि भारताचा पोलीस राज्यकर्त्यांसाठी, हा भेद त्या कायद्याच्या मुळातच होता. नागपूरचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं होतं आणि मध्य प्रांत जन्माला आला तो याच १८६१ साली. या भागाने नवं सरकार आणि नवा पोलीस एकदमच पाहिला.

भाचीने हे सगळं मान्य केलं, पण लगेच दुसरी बाजूही मांडली. "त्याच १८६१ मध्ये फौजदारी कार्यपद्धतीचा कायदाही आला, मामाजी. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असं त्यात लिहिलं गेलं. १८७२ च्या पुरावा कायद्याने ते कायम ठेवलं आणि आज नव्या कायद्यातही ते टिकून आहे. का लिहिलं? कारण मद्रास प्रांतात महसूल आणि पोलीस यांची माणसं रयतेला कशी छळतात, याचा चौकशी अहवाल १८५५ मध्ये त्यांच्यासमोर आला होता. ती छळणारी माणसं तिथलीच होती, जुन्या व्यवस्थेतली. गावच्या चावडीवर उन्हात वाकवून उभं करण्याची शिक्षा काही लंडनहून आली नव्हती."

मामाजी काही बोलले नाहीत. अडकित्त्याने एक सुपारी दोनदा कापली.

"आणि अमेरिकेचं म्हणाल तर," भाची पुढे म्हणाली, "तिकडे पोलीस खालूनच वर आले. कॅरोलायनात १७०४ पासून गोऱ्या लोकांच्या टोळ्या गस्त घालायच्या. कोणता गुलाम मालकाच्या चिठ्ठीशिवाय रस्त्यावर दिसतो, ते बघायचं आणि फटके द्यायचे. ती गस्त सरकारने बाहेरून आणली नव्हती. ती त्या गावांचीच होती, शेजाऱ्यापाजाऱ्यांची."

अमेरिकी पोलिसांच्या इतिहासाला दोन मुळं आहेत. दक्षिणेत गुलामांवरची गस्त आणि उत्तरेत शहरातली रात्रपाळीची राखण. बॉस्टनने १८३८ मध्ये पगारी पोलीस नेमले, न्यूयॉर्कने १८४५ मध्ये. न्यूयॉर्कचा शिपाई आपल्याच वॉर्डातला असायचा. नेमणूक वॉर्डाच्या पुढाऱ्याच्या हातात असल्यामुळे निवडणुकीत पक्ष बदलला की शिपाईही बदलायचा. पुढे पोलिसाला शिक्षण हवं, परीक्षा हवी, पुढाऱ्यापासून अंतर हवं, असा आग्रह कॅलिफोर्नियात बर्कलीच्या ऑगस्ट व्होल्मर यांनी धरला. १९३१ मध्ये विकरशॅम आयोगाने पोलीस मारहाण करून कबुली काढतात हे उघडपणे लिहिलं. 'तुला गप्प राहण्याचा हक्क आहे' हे आरोपीला सांगणं बंधनकारक व्हायला १९६६ साल उजाडलं. आजही तिथे एकच राष्ट्रीय पोलीस दल नाही. लहानमोठी मिळून सुमारे अठरा हजार दलं आहेत, प्रत्येकाची भरती वेगळी, नियम वेगळे.

"चिठ्ठीचं म्हणशील तर ती आपल्याकडेही होती," मामाजी अनपेक्षितपणे म्हणाले. "पारध्यांची हजेरी."

ती त्यांनी स्वतः घेतली नव्हती, पण थोरांकडून ऐकलं होतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि पुढे तो देशभर पसरला. नोंद झालेल्या माणसाने ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. कॅरोलायनातल्या गुलामाची चिठ्ठी आणि महाराष्ट्रातल्या पारध्याचा पास यांत फरक फार थोडा. सोलापूरला तर या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून गेला, पण संशय अजून पूर्ण गेलेला नाही.

"आणि ती हजेरी घ्यायचं कोण?" भाचीने विचारलं.

"पाटीलच," मामाजी म्हणाले. आवाज खाली गेला होता.

रात्र झाली. दूरवर मंडईच्या नाटकाचा मंडप उभा राहत होता आणि ध्वनिक्षेपकाची चाचणी ऐकू येत होती. नाटक मंडळी वडशाहून यायची होती. झाडीपट्टीची रंगभूमी म्हटली की वडसा, म्हणजे देसाईगंज. मामाजींनी तोच धागा धरला.

"वडशाचं नाव निघालं म्हणून सांगतो. १९७२ चा मार्च. तेव्हा वडसा चांदा जिल्ह्यात होतं. एक आदिवासी पोर, आईबाप नसलेली, वय चौदा ते सोळा. भावाने तक्रार केली म्हणून तिला ठाण्यात आणलं. जबाब झाला, बाकीच्यांना बाहेर काढलं, तिला आत थांबवलं. पुढचं तुला माहीत आहे. ते ठाणं सरकारचं होतं, बाई. तिथे पाटील नव्हता. वर्दीवाले होते."

भाचीला ते चांगलंच माहीत होतं. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं, 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, असं कारण पुढे आलं. रात्री ठाण्याच्या बंद दाराआड एका अनाथ मुलीने दोन पोलिसांना कसा प्रतिकार करावा, हा प्रश्न तिथे मागे पडला.

"ते सगळं खरं," ती म्हणाली. "पण पुढे काय झालं तेही बघा. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, गंभीर गुन्हा झाला. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाईने 'माझी संमती नव्हती' असं सांगितलं, तर न्यायालय ते गृहीत धरून चालतं. सुनावणी बंद दाराआड होते. आणि पीडितेचं नाव छापायचं नाही, हेही त्याच दुरुस्तीने ठरलं. म्हणून मी तिचं नाव घेत नाही. सरकारच्या ठाण्याने अन्याय केला, पण तो लिहिलेल्या कायद्यापुढे उभा करता आला. गावात असंच घडलं असतं तर कोणाला पत्र लिहिणार होतो आपण?"

"गाव ऐकतं."

"खैरलांजीत ऐकलं?"

हे नाव निघालं आणि ओसरीवर कोणी बोलेना. खैरलांजी भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातली. २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी तिथल्या जमावाने भोतमांगे या दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना मारलं. वडील शेतावरून येताना दुरून सगळं पाहत होते, म्हणून वाचले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेत बदलली.

भाची म्हणाली, "अमेरिकेत मिसिसिपीच्या नेशोबा परगण्यात १९६४ च्या जून महिन्यात काळ्यांची मतनोंदणी करायला गेलेले तीन तरुण होते. शेरीफच्या हाताखालच्या डेप्युटीने त्यांना वेगाने गाडी चालवल्याच्या नावाखाली अटक केली, रात्री सोडलं आणि वाटेत गाठून क्लू क्लक्स क्लानच्या ताब्यात दिलं. चव्वेचाळीस दिवसांनी त्यांचे मृतदेह मातीच्या बांधात सापडले. राज्याने तेव्हा खुनाचा खटला भरला नाही. केंद्र सरकारला नागरी हक्कांच्या कायद्याखाली उभं राहावं लागलं. १९६७ मध्ये डेप्युटी दोषी ठरला, शेरीफ सुटला. तो शेरीफ लोकांनी निवडलेला होता, मामाजी. ज्यांना मत होतं त्या लोकांनी."

मामाजींनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "खैरलांजीची सुरुवात कुठून झाली, ठाऊक आहे का तुला?"

त्यांना ठाऊक होतं, कारण ती त्यांच्याच पेशाची गोष्ट होती. त्या महिन्याच्या सुरुवातीला शेजारच्या एका गावच्या पोलीस पाटलाला मारहाण झाली होती. तोही दलित. भोतमांगे मायलेकींनी मारणाऱ्यांना ओळखलं आणि तसा जबाब दिला. अटक झालेले आरोपी २९ तारखेला जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी हल्ला झाला. पोलीस वेळेवर पोहोचले नाहीत. पुढे काही पोलिसांना निलंबितही करण्यात आलं.

"मार खाल्ला तो आमच्यातलाच एक," मामाजी म्हणाले. "ना गावाने त्याला वाचवलं, ना ठाण्याने. आम्हाला गाव सांभाळायला सांगता, पण आमच्या हातात असतं काय? काठी. गडचिरोलीत पोलिसांचा खबऱ्या ठरवून नक्षल्यांनी पोलीस पाटलांना मारलं. इकडे गावचे दांडगे मारतात. आम्ही दोघांच्या मध्ये."

भाचीने या वेळी प्रतिवाद केला नाही. तिने फक्त एक तारीख सांगितली. खैरलांजीच्या बरोबर सात दिवस आधी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात निकाल दिला होता. माजी पोलीस महासंचालक असलेल्या प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये याचिका केली होती. निकालाला दहा वर्षं लागली. न्यायालयाने सात निर्देश दिले. अधिकाऱ्याची मन मानेल तेव्हा बदली करू नये, तपास आणि बंदोबस्त ही कामं हळूहळू वेगळी करावीत, पोलिसाविरुद्धची तक्रार ऐकायला स्वतंत्र प्राधिकरण असावं, हे त्यांतले काही. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य आणि विभाग पातळीवर अशा प्राधिकरणांची तरतूद केली.

"विभाग म्हणजे नागपूर," मामाजी लगेच म्हणाले. "सडक अर्जुनीच्या टोल्यावरच्या वस्तीतली बाई नागपूरला जाईल? कोहमाऱ्याच्या चौकापर्यंत यायला तिला दिवसाची मजुरी सोडावी लागते." भाचीकडे याला उत्तर नव्हतं, आणि तिने तसं मान्य केलं.

मग मामाजींनी आपला सर्वांत भक्कम मुद्दा काढला. गडचिरोलीत १९९० मध्ये सी-६० हे पथक उभं राहिलं, ते स्थानिक पोरांचं. गोंडी बोलणारी, जंगलाच्या वाटा जाणणारी. बाहेरून आणलेल्या तुकड्यांना जे जमलं नाही ते या पोरांना जमलं. भाचीने त्याला शेजारच्या छत्तीसगडची दुसरी बाजू जोडली. तिथे गावातल्या आदिवासी तरुणांना थोडंफार शिकवून 'विशेष पोलीस अधिकारी' म्हणून बंदुका दिल्या गेल्या आणि ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. सी-६० चा जवान स्थानिक आहे, पण तो रीतसर भरती झालेला, प्रशिक्षण आणि सेवानियम असलेला पोलीस आहे. माणूस गावचा चालेल, पण त्याच्यावर नियम हवा, एवढ्यावर दोघांची पहिल्यांदा एकवाक्यता झाली.

"आणि नियम नुसता कागदावर नको," मामाजी म्हणाले.

"म्हणून तर अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची सही हवी, असं डी. के. बसू निकालाने १९९६ मध्ये सांगितलं. म्हणून २०२० च्या डिसेंबरमध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आदेश झाला. त्याच वर्षी मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाने नऊ मिनिटांहून अधिक गुडघा रोवून धरला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात त्याचा उल्लेखही नव्हता. रस्त्यावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीने मोबाइलवर चित्रीकरण केलं, म्हणून जगाला कळलं आणि पुढच्या वर्षी तो पोलीस खुनासाठी दोषी ठरला. कोणीतरी बघत असलं पाहिजे, मामाजी. गावातलं कोणीतरी."

जेवणाची पानं वाढली जात होती, तेवढ्यात अंगणात एक बाई येऊन उभी राहिली. टोल्यावरची. तिच्या ओठाजवळ रक्त वाळलेलं होतं. नवरा दारू पिऊन मारतो, ही तिची तक्रार मामाजींना नवी नव्हती. २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाल्यापासून गावोगावी तंटामुक्त समित्या आहेत आणि त्यांनी बांधाचे, वाटणीचे अनेक तंटे कोर्टाबाहेर मिटवले आहेत. हिच्या नवऱ्यालाही समितीसमोर दोनदा बसवलं होतं. दोनदा त्याने कान धरले होते. दोन्ही समझोत्यांच्या कागदावर मामाजींची सही होती.

"समिती बोलावू का?" घरातल्या कोणीतरी विचारलं.

बाई काही बोलली नाही. मामाजी तिच्याकडे बघत राहिले. मग ते भाचीला म्हणाले, "बाई, कागद घे. ती सांगेल तसं लिही. तिच्या शब्दांत."

भाचीने लिहिलं आणि वाचून दाखवलं. एका जागी बाईने तिला थांबवून 'काठीने' हा शब्द दुरुस्त करून 'फाळक्याने' करायला लावला. मामाजींनी खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली आणि मोटारसायकलची किल्ली नातवाच्या बापाकडून मागून घेतली. पण महामार्गावरच्या डुग्गीपार ठाण्याला या वेळी तिघांनी एका गाडीवर जाणं बरं नाही, म्हणून शेजारच्यांची चारचाकी बोलावली. आधी दवाखाना, मग ठाणं, असं ठरलं.

गाडीत बसताना मामाजींनी भाचीला विचारलं, "गुन्हा नोंदवल्यावर फिर्यादीची प्रत देतात ना?"

"फुकट द्यावी लागते. तसा कायदा आहे."

"मग ती हातात पडेपर्यंत मी तिथेच बसतो," ते म्हणाले आणि त्यांनी गाडीचं दार ओढून घेतलं. मागे मंडपात नाटकाची पहिली घंटा झाली होती.